निमकर काकांची गोल गढी

आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला निमकर काका आले, बूट काढले, दारातच उभं राहून एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे बघितलं आणि म्हणाले, "घर छान आहे. पण गायी कुठे बांधणार?"

मला वाटलं विनोद आहे, म्हणून मी हसले. काका हसले नाहीत. ते सरळ मागच्या डेकवर गेले, रेलिंगला टेकून अंगणाचा उतार न्याहाळला आणि मान हलवत आत आले. त्यांच्या मते आमचं घर तीन बाजूंनी उघडं होतं, मागच्या झाडीतून कुणीही सहज आत शिरलं असतं आणि पहिल्याच धाडीत आमची सगळी गुरं गेली असती. आम्ही नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावात राहतो. मी एका औषध कंपनीत डेटा सांभाळते, नवरा सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे साधं मांजरसुद्धा नाही. तरी त्या दिवशी होम चालू असताना मी दोनदा त्या झाडीकडे बघून घेतलं, हे कबूल करते.

काका आमच्यापासून चार घरं सोडून राहतात. मूळचे अमरावतीकडचे. अमेरिकेत येऊन जन्मभर एकच काम केलं: रस्त्यावर पडलेलं पाणी रस्त्याखालून कसं काढायचं याचे नकाशे. पाऊस आला की बाकीची माणसं आकाशाकडे बघतात, काका गटाराकडे बघतात. कुणाच्या बारशाला जायचं असलं तरी त्यांच्या गाडीत फावडं आणि उतार मोजायची पाणसळ असते. माणूस सज्जन. फक्त त्यांना विषय कुठला मिळतो, यावर समोरच्याची संध्याकाळ अवलंबून असते.

निवृत्तीनंतर त्यांना विषय मिळाला तो आयर्लंडमध्ये. काका आणि सुधाकाकू तिथे फिरायला गेले होते. चार दिवस राजवाडे आणि मनोरे बघून काकू कंटाळल्या आणि त्यांनी गाडी आडवाटेला घ्यायला लावली. एका शेतात एक म्हातारा ट्रॅक्टरनं नांगरत होता आणि शेताच्या मधोमध असलेला एक गोल, गवताळ उंचवटा सोडून त्याच्या भोवतीनं वळसे घेत होता. काकांनी गाडी थांबवली. एवढी चांगली जमीन का सोडलीस, असं त्याला विचारलं. तो म्हणाला, तो किल्ला आहे. माझ्या बापानं तिथं नांगर घातला नाही, मीही घालणार नाही. परीलोकातले लोक राहतात तिथं.

काका आपल्याकडचे किल्ले बघून वाढलेले. त्यांनी बुरूज शोधला, दरवाजा शोधला, तोफ शोधली. तिथे होता फक्त कमरेएवढा मातीचा बांध, बाहेरून बुजत आलेला खंदक आणि आत गवत. राजा कोण होता म्हणून विचारलं, तर म्हातारा हसायला लागला. राजा कसला, म्हणाला, माझ्यासारखाच कुणीतरी, बायकोपोरं आणि थोड्या गायी असलेला.

काकांचा तिथेच निकाल लागला.

त्यानंतर त्यांनी जे जे वाचलं ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं. त्यामुळे मलाही आता ते झोपेत सांगता येईल. हजार-बाराशे वर्षांपूर्वी आयर्लंडमधला खाऊनपिऊन सुखी शेतकरी आपल्या घराभोवती गोल खंदक खणायचा. खणलेली माती आतल्या बाजूला टाकली की तिचाच बांध व्हायचा. बांधावर काटेरी कुंपण, आत कुडाचं घर, आणि आत यायला एकच वाट. श्रीमंती म्हणजे गायी आणि त्या पळवायला यायचे ते शेजारपाजारचेच तरणे लोक. इंग्रजीत याला रिंगफोर्ट म्हणतात. काकांना तो शब्द पसंत नव्हता. वऱ्हाडात पाटला-देशमुखांच्या तटबंदीच्या घराला गढी म्हणतात, म्हणून काकांनी याला गोल गढी म्हणायला सुरुवात केली. अशा हजारो गढ्या त्या एवढ्याशा देशात अजून शिल्लक आहेत, हे सांगताना त्यांचा आवाज इतका भरून यायचा, की समोरच्याला त्या त्यांनीच खणल्यात असं वाटावं.

"सैन्य आलं तर हा बांध अर्धा तास टिकायचा नाही," असं ते अभिमानानं सांगायचे. मग फायदा काय, असं कुणीतरी विचारायचंच. काका त्या प्रश्नाची वाटच बघत असायचे. बांधाचं काम लढायचं नव्हतं. चोर बांध चढेपर्यंत कुत्रं भुंकायचं आणि घरातली माणसं जागी व्हायची, तेवढाच वेळ तो मिळवून द्यायचा. "राजा राज्यासाठी बांधतो. याला फक्त आपलं माणूस आणि आपलं जनावर आत ठेवायचं होतं," एवढं बोलून ते पाणी प्यायचे आणि मग पुढची चाळीस मिनिटं सुरू व्हायची.

काकांना थांबवणारी जगात एकच व्यक्ती होती, ती म्हणजे सुधाकाकू. काकूंनी कम्युनिटी कॉलेजमध्ये वीस-बावीस वर्षं बीजगणित शिकवलं. स्वभाव शांत, बोलणं मोजकं आणि स्मरणशक्ती अशी, की इथल्या मराठी मंडळातल्या प्रत्येकाचा वाढदिवस, प्रत्येकाच्या मुलाचं नाव, कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, सगळं तोंडपाठ. काकांचं बोलणं हाताबाहेर गेलं की त्या नुसत्या खाकरायच्या. फार मोठ्यानं नाही. काका वाक्याच्या मधोमध थांबायचे आणि "तर असं आहे" म्हणून खाली बसायचे.

म्हणून दोन-तीन वर्षांपूर्वी गणेशोत्सवात मंडळानं काकांना महाप्रसादाआधीची पंधरा मिनिटं दिली, तेव्हा कुणाला धोका वाटला नाही. काकांनी स्लाइड्स आणल्या होत्या. पहिल्या स्लाइडवर हिरव्या शेतात एक गोल होता. दुसऱ्या स्लाइडवर दुसऱ्या हिरव्या शेतात दुसरा गोल होता. पंचविसाव्या गोलापर्यंत मसालेभाताचा वास हॉलभर पसरला आणि सगळे काकूंकडे बघायला लागले. काकू पहिल्या रांगेत, मोतिया रंगाच्या साडीत, हसऱ्या चेहऱ्यानं पडद्याकडे बघत होत्या. त्या खाकरल्याच नाहीत. काका एक तास दहा मिनिटं बोलले. शेवटी त्यांनीच दोन-तीनदा काकूंकडे बघितलं आणि मग आपले आपण थांबले. जेवताना आम्ही म्हणालो की काकूंनी आता हात टेकले. त्यानंतर काकू मंडळात फारशा दिसल्या नाहीत, त्याचाही आम्ही तोच अर्थ लावला. मी तर नवऱ्याला म्हणाले, काकूंच्या जागी मी असते तर कधीच सोडून गेले असते.

पुढच्या मार्चमध्ये काकांच्या मागच्या अंगणात मिनी एक्स्कॅव्हेटर आला. तो चालवत होते स्वतः काका, वय वर्षं चौऱ्याहत्तर, डोक्यावर पिवळं हेल्मेट. लोकांना वाटलं स्विमिंग पूल होतोय. तीन दिवसांत लाल मातीचा एक गोल खंदक आणि त्याच्या आत डोक्याएवढा गोल बांध उभा राहिला.

इथे आमच्या एचओएची गोष्ट सांगायला हवी. एचओए म्हणजे सोसायटीची कमिटी. तिच्या परवानगीशिवाय आम्हाला टपालपेटीचा रंगही बदलता येत नाही. कमिटीवर आम्ही पाच जण आणि त्यातली एकटी भारतीय मी. अध्यक्ष डॉना. तिचं घर काकांच्या अगदी मागे, उताराच्या खालच्या अंगाला. काका नियमाचे पक्के, त्यामुळे त्यांनी खणण्याआधी रीतसर फॉर्म भरून पाठवला होता आणि उत्तराची मुदत संपल्यावरच काम सुरू केलं होतं. पण बांधकामाचा हेतू या रकान्यात त्यांनी सवयीनं लिहून टाकलं होतं, "गुरांचे संरक्षण." तो फॉर्म कुणीतरी उशिरा उघडला आणि कमिटीत हलकल्लोळ झाला. काकांना पत्र गेलं, की सोसायटीत गुरं पाळायला मनाई आहे. काकांनी तीन पानी उत्तर पाठवलं, त्याचा सारांश असा, की गुरं ऐतिहासिक आहेत. मग डॉनानं सुनावणी लावली आणि बांध पाडायला लावायचाच असं ठरवून मला म्हणाली, तू त्यांच्यातली आहेस, आधी एकदा त्यांना समजावून बघ.

मी आधी त्यांच्या मुलीला फोन केला. अदिती सिॲटलजवळ बॉथेलमध्ये असते, बायोटेकमध्ये आहे, इथेच जन्मलेली. मी तिला सगळं सांगितलं आणि बाबांना जरा आवर म्हणाले. ती हसेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "मनीषाताई, प्लीज. जस्ट लेट हिम डू इट." आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास मी काकांकडे गेले. बेल वाजवली, कुणी उघडलं नाही, म्हणून बाजूनं मागे गेले. बांधाला एकच वाट ठेवली होती, आणि ती स्वयंपाकघराच्या दाराकडे उघडत होती, म्हणजे पश्चिमेला. याचं मला नवल वाटलं, कारण आयर्लंडात बहुतेक गढ्यांचं तोंड पूर्वेकडे असतं, हे काकांनी आमच्याकडून घोकून घेतलं होतं. त्या वाटेत काका घडीची खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर पुस्तक, पायाशी थर्मास. मला बघून त्यांनी ओठावर बोट ठेवलं आणि शेजारची खुर्ची दाखवली.

आत सुधाकाकू चालत होत्या. निळा स्वेटर, पांढरे बूट. बांधावर एक हात अलगद टेकवून, शांतपणे गोल गोल. फेरी पुरी करून त्या आमच्यापाशी आल्या, थांबल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या.

"तुम्ही नवीन राहायला आलात का?" त्यांनी विचारलं. "आवडलं का घर?"

मी चार वर्षं त्यांच्या शेजारी राहत होते. सुरुवातीला माझ्या वाढदिवसाला सकाळी सातला पहिला फोन त्यांचा यायचा. मी कसंबसं म्हणाले, हो, आवडलं. "छान," म्हणाल्या आणि पुढे चालायला लागल्या.

काकांनी थर्मासच्या झाकणात मला चहा ओतून दिला. मग हळू आवाजात, एखादा प्रकल्प समजावून सांगावा तसं सांगितलं. आयर्लंडहून आल्यावर वर्षभरात काकूंच्या विसरण्याला सुरुवात झाली. काकूंना दुपारनंतर घरात थांबवत नाही, त्यांना चालायचं असतं. दोनदा त्या घराबाहेर पडल्या, आणि दुसऱ्या वेळी मोठ्या रस्त्यापलीकडे किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये सापडल्या. रस्ता दिसला की त्यांना कॉलेजला जायला उशीर होतोय असं वाटतं. बांध मध्ये आला, रस्ता दिसेनासा झाला, तेव्हापासून ती घाई गेली. खंदक बाहेरच्या अंगाला आहे, म्हणजे त्यात पाय जायची भीती नाही. आतला उतार त्यांनी स्वतः तीनदा सारखा केला होता.

साधं कुंपण का नाही घातलं, असं मी विचारलं.

"घातलं होतं," काका म्हणाले. "फाटकापाशी उभी राहून ते हलवत राहायची. मला का कोंडलंय म्हणायची. आणि कोपऱ्यात गेली की तिथंच थांबायची. वळायचं कसं ते सुचायचं नाही, मग रडायला लागायची." त्यांनी काकूंकडे बघितलं. त्या पलीकडच्या अंगाला होत्या. "गोलाला कोपरा नसतो, मनीषा."

मला त्या पंधरा मिनिटांच्या भाषणाची आठवण झाली, आणि जेवताना आम्ही काय काय बोललो त्याचीही.

मी म्हणाले, काका, हे कमिटीला सांगा. डॉक्टरांची चिठ्ठी द्या. मग नकार द्यायची कुणाची हिंमत होणार नाही. मी स्वतः सांगते हवं तर.

"नाही," ते म्हणाले. "पहिल्यांदा डॉक्टरांकडून आलो तेव्हा तिनं गाडीत माझ्याकडून शब्द घेतला. अदितीखेरीज कुणाला सांगायचं नाही. लोक माझ्याकडे कीव करून बघतील, ते मला नकोय, म्हणाली."

"पण काका, आता त्यांना—"

"आता तिला कळत नाही. मला कळतं ना."

चहा संपवून मी घरी आले आणि एचओएची नियमावली उघडून बसले. घर घेताना सही केल्यापासून ती मी पहिल्यांदाच वाचत होते.

सुनावणी क्लबहाऊसमध्ये, संध्याकाळी सहाला होती. काका सूट घालून आले. गोलांच्या स्लाइड्सही आणल्या. कमिटीपुढे त्यांनी आयरिश शेतकऱ्याचा कुटुंबकबिला, गायींच्या संख्येवरून ठरणारी माणसाची पत, लोणी ठेवायचं भुयार, सगळं सांगितलं. भुयार खणायचा आपला तूर्त विचार नाही, असं आश्वासनही दिलं. त्यानं कमिटी जास्तच घाबरली. डॉनानं शेवटी पेन खाली ठेवून सरळ विचारलं, की मिस्टर निमकर, तुम्ही या जागेचा उपयोग नक्की कशासाठी करता?

काका गप्प झाले. त्यांना असं गप्प झालेलं मी त्याआधी फक्त काकूंच्या खाकरण्यावर बघितलं होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "इट इज माय हॉबी, मॅडम."

वेडा ठरायला माणूस तयार होता. किंबहुना त्यासाठीच सूट घालून आला होता.

मी हात वर केला आणि विचारलं, काका, तुमच्या अंगणात पडणारं पावसाचं पाणी आता कुठे जातं? काकांचा चेहरा बदलला. जन्मात कुणी त्यांना हा प्रश्न आपण होऊन विचारला नव्हता. पूर्वी ते पाणी उतारानं खाली धावायचं, आता खंदकात साठतं आणि जागच्या जागी जिरतं, हे त्यांनी फळ्यावर आकृती काढून, उताराचं गणित मांडून दाखवलं. मी नियमावलीतलं कलम वाचलं, की पाणी जिरवण्यासाठी केलेल्या रेन गार्डनला, म्हणजे खोलगट चर आणि मातीच्या बांधाला, सोसायटी प्रोत्साहन देते. आकार कुठला असावा हे कलमात लिहिलेलं नव्हतं.

डॉना फळ्याकडे बघत राहिली. गेल्या वादळात तिच्या अंगणात पाणी तुंबलं नव्हतं. दर वर्षी ती पंप लावते, या वर्षी लावावा लागला नाही, आणि का ते तिला कळलं नव्हतं. हे तिनं स्वतःच सांगितलं, जरा नाइलाजानं. मग मतदान झालं. बांध राहिला. अटी तीन होत्या: उंची वाढवायची नाही, फुलझाडं लावायची आणि कागदपत्रांत फोर्ट हा शब्द वापरायचा नाही. तिसऱ्या अटीवर काका अपील करणार होते. मी त्यांना पार्किंगमध्ये गाठून गप्प केलं.

त्यानंतर बांधावर डे-लिलीचे पिवळे-केशरी ताटवे फुलले. काही रोपं डॉनानं आणून दिली होती. काकू चालता चालता फुलं तोडायच्या आणि फेरी पुरी झाली की काकांच्या मांडीवर ठेवायच्या. काका प्रत्येक वेळी थँक यू म्हणायचे. मंडळात मात्र त्यांची थट्टा चालूच होती. एकानं त्यांना वाढदिवसाला प्लॅस्टिकची गाय दिली. काकांनी ती समारंभपूर्वक गढीत ठेवली आणि तिच्या जातीवर वीस मिनिटं बोलले. मी सगळ्यांबरोबर हसले. शब्द मीही पाळत होते.

मागच्या हिवाळ्यात काकू गेल्या. न्यूमोनियाचं निमित्त झालं. तेराव्याला मंडळातले बरेच लोक आले होते. अदितीनं काकांना विचारलं, बाबा, यू वॉन्ट टू से समथिंग? काका उठले. सगळे थोडे सावरून बसले, कारण काका उठले की किती वेळ जाईल याचा नेम नसतो. ते म्हणाले, "सुधाला शेवटची पाच वर्षं एकेक आठवेनासं झालं होतं. तिला ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं. आता सांगायला हरकत नाही." आणि खाली बसले. तेवढंच. खोलीत सगळ्यांना एकदमच ती गढी उमगली असावी, कारण कुणी कुणाकडे बघितलं नाही. हे सगळं लिहू का, असं मी नंतर काकांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, लिही. फक्त आयर्लंडचा भाग नीट लिही.

या वसंतात मी त्यांच्याकडे गेले होते. सोसायटीचा गवत सांभाळणारा माणूस आला होता. बांधाच्या आतल्या कडेनं, काकू जिथून चालायच्या तिथे, हातभर रुंदीची लाल मातीची वाट पडली होती, स्वच्छ गोल. तिथे बी टाकतो, महिन्याभरात हिरवं होईल, असं तो म्हणत होता. काकांनी त्याला बाकी सगळीकडे टाक म्हणून सांगितलं, तेवढी पट्टी सोडून दे म्हणाले.

पण गवत काही विचारून येत नाही. ते आपोआप कडेनं आत सरकायला लागलं. म्हणून हल्ली दुपारी चार वाजले की काका स्वतः चालतात. डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय, असं कारण देतात. मीही कधी कधी त्यांच्याबरोबर चालते. ते आयर्लंडबद्दल काही बोलत नाहीत. एक हात बांधावर टेकवून सावकाश चालतात आणि माझा पाय चुकून वाटेबाहेर गवतावर पडला, तर थांबून मला पुन्हा मातीवर घेतात.